ग्रंथयादीच्या कसोटीवर प्रोग्रामिंग भाषा: बडोद्यातल्या वाचनालयासाठी पायथन, गो की रस्ट?

पुस्तकाच्या पाठीवर लावायची चिठ्ठी छापायची आहे. तिच्यावर लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे हवीत. आडनाव श्रीखंडे. पायथनकडे ‘पहिली तीन’ मागितली की हाती पडते नुसते ‘श्र’, कारण तिच्या लेखी श, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि र ही तीन चिन्हे झाली. जावास्क्रिप्टही तेच देते. गो आणि रस्ट बाइट (साठवणुकीची एकके, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन) मोजतात, म्हणून त्यांच्याकडून फक्त ‘श’ मिळतो. रस्टकडे चार बाइट मागितले तर प्रोग्राम जागीच थांबतो. गो मात्र तुटलेले अक्षर निमूटपणे पुढे ढकलते आणि चिठ्ठीवर काळा चौकोन उमटतो. ग्रंथपालाला हवे असते श्री, खं, डे.

मराठी पुस्तकांची यादी सांभाळणारे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत लिहावे, या प्रश्नाची सुरुवात इथून व्हायला हवी. वेगाचे तक्ते पाहून भाषा निवडणारे बरेच असतात. वीस हजार पुस्तकांच्या यादीला कुठलीही भाषा पुरेशी वेगवान आहे, तेव्हा तो मुद्दा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा. उरतात ते तीन प्रश्न: काउंटरवरच्या संगणकावर प्रोग्राम चालेल का, आपली लिपी भाषेला नीट कळते का, आणि तीन वर्षांनी दुसरा कोणी तो उघडून दुरुस्त करू शकेल का.

इथले परीक्षण एका ठरावीक कामापुरते आहे. दांडिया बाजार किंवा राजमहाल रोडच्या आसपास एखाद्या मंडळाचे वाचनालय असते, तसे वाचनालय समोर धरा. दहा ते वीस हजार पुस्तके. मराठी सर्वात जास्त, मग गुजराती, थोडी हिंदी आणि इंग्रजी. एक संगणक, अर्धवेळ ग्रंथपाल, सभासदांची वर्गणी आणि देवघेव वहीत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून आणून संस्थानभर वाचनालये उभारली, तेव्हापासून एकाच कपाटात दोन लिप्यांची पुस्तके ही बडोद्याला नवी गोष्ट नाही. सॉफ्टवेअरला मात्र ती अजून नवी वाटते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. वाचनालयाकडे लिनक्स सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल, तर नवे काही लिहू नका, कोहा हे ग्रंथालयांसाठीचे तयार सॉफ्टवेअर बसवा. ते न्यूझीलंडमध्ये जन्मले, २००० सालापासून वापरात आहे, पर्लमध्ये लिहिलेले आहे आणि जगभरच्या ग्रंथालयांत घासूनपुसून पक्के झाले आहे. पण त्याला डेटाबेस सर्व्हर, वेब सर्व्हर आणि शोधयंत्र असा सगळा गोतावळा लागतो. चार जीबी मेमरीच्या एकाच विंडोज संगणकावर तो संसार मांडता येत नाही. खालचा सगळा मजकूर त्या एका संगणकासाठी आहे.

काउंटरवरचा संगणक

पहिला प्रश्न विचारायचा तो विंडोजच्या आवृत्तीचा. अनेक जागी अजून विंडोज ७ आहे आणि इथेच अर्ध्या भाषा गळतात. पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, तिचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. गोची १.२० ही शेवटची, १.२१ पासून बांधलेला प्रोग्राम तिथे चालत नाही. रस्टने २०२४ मध्ये १.७८ पासून किमान विंडोज १० मागायला सुरुवात केली. नोडने (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) तर १४ पासूनच विंडोज ७ सोडले. नवी ओपन सोर्स लायब्ररी (इतरांनी लिहून सर्वांना खुला ठेवलेला तयार कोड) घेताना ती आतून नवी आवृत्ती मागते आणि सगळी साखळी वर सरकते. गोमध्ये हे जास्त बेमालूम होते, कारण १.२१ पासून गो स्वतःच नवा कंपायलर (कोडपासून चालणारी फाईल बांधणारा प्रोग्राम) उतरवून घेते. बांधणी करताना ‘गोटूलचेन’ हे चल ‘लोकल’ ठेवले तर ते थांबते. तरी सल्ला एकच: विंडोज ७ साठी जुनी आवृत्ती कुरवाळत बसण्यापेक्षा त्या संगणकावर हलके लिनक्स बसवावे. प्रोग्राम ब्राउझरमध्ये दिसणार असेल तर ग्रंथपालाला फरक जाणवतही नाही.

आता प्रोग्राम पोचवायचा कसा. वाचनालयात इंटरनेट असेलच असे नाही, पेन ड्राइव्ह मात्र नक्की असतो. या परीक्षेत गो सरळ पहिली येते. एक फाईल, दहा ते वीस एमबीच्या घरातली, पेन ड्राइव्हवरून उतरवा आणि दोनदा टिचकी मारा. शिवाय लिनक्सवर बसून विंडोजची फाईल बांधता येते: ‘गूस’ला (कोणती प्रणाली) विंडोज सांगा, ‘गोआर्च’ला (कोणता प्रोसेसर) एएमडी६४, आणि बिल्ड.

यात एक खाच आहे आणि जवळजवळ प्रत्येक नवा माणूस तिच्यात अडकतो. एसक्यूलाइट या एका फाईलीत मावणाऱ्या डेटाबेससाठी सर्वात प्रसिद्ध गो ड्रायव्हर (दोघांना जोडणारा कोड) सी भाषेतला मूळ कोड सोबत घेऊन बांधला जातो. म्हणजे लिनक्सवरून विंडोजसाठी बांधताना सीचा वेगळा कंपायलर लागतो. तो नसेल आणि ‘सीगो’ (गोमध्ये सी कोड जोडण्याची सोय) बंद असेल तर बांधणी बिनतक्रार पार पडते, फाईल तयार होते, आणि काउंटरवर डेटाबेस उघडताना चूक येते. पर्याय आहे: एसक्यूलाइटचा सी कोड गोमध्ये रूपांतरित केलेला ‘मॉडर्नसी’चा ड्रायव्हर. तो थोडा हळू आहे, पण वीस हजार नोंदींना कळणारही नाही. त्यात एफटीएस५ हे शब्दशोधाचे अंग आधीच बसवलेले असते; पहिल्या ड्रायव्हरमध्ये ते बांधताना वेगळ्या टॅगने मागावे लागते.

पायथनचे इथे जमत नाही, हे खेदाने सांगावे लागते, कारण बाकी बऱ्याच बाबतींत ती लाडकी भाषा आहे. इंटरप्रीटर (कोड चालवणारा प्रोग्राम), आभासी पर्यावरण, ‘पिप’ या अवजाराने उतरवलेली पॅकेजेस हे सगळे दुसऱ्याच्या संगणकावर उभे करणे अर्धवेळ ग्रंथपालाचे काम नव्हे. पायइन्स्टॉलरने एक फाईल करता येते, पण विंडोजची फाईल विंडोजवरच बांधावी लागते, ती प्रत्येक वेळी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते म्हणून सावकाश उघडते, आणि अँटिव्हायरस तिला विषाणू समजून उचलून नेतो. ही शेवटची अडचण वरचेवर येते आणि तिच्यावर खात्रीचा उपाय नाही.

रस्टची फाईल गोपेक्षाही लहान होते. बांधणाऱ्याला मात्र किंमत मोजावी लागते: विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने रस्ट बसवायची तर मायक्रोसॉफ्टची सी++ बांधणीची अवजारे आधी लागतात, ती काही जीबींची असतात. एखादा वेबचा सांगाडा घेतला की शंभरावर क्रेट (रस्टची पॅकेजे) उतरतात, पहिली बांधणी काही मिनिटे चालते आणि ‘टार्गेट’ फोल्डर सहज एक-दोन जीबी होतो. आठ जीबीच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा उत्साह तिथेच निम्मा होतो.

लिपी

हा भाग सर्वात महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाचावा.

‘ग्रंथालय’ हा शब्द घ्या. पायथन, जावास्क्रिप्ट आणि जावा त्याची लांबी ८ सांगतात. गो आणि रस्ट सांगतात २४, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत तीन बाइट घेते. वाचणाऱ्याला दिसतात चार अक्षरे. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण फॉर्मवर ‘शीर्षक ४० अक्षरांपेक्षा मोठे नको’ असा नियम कोणी गोमध्ये लांबी मोजणारे ‘लेन’ वापरून घातला, की तेराव्या-चौदाव्या चिन्हालाच पाटी येते. मराठी शीर्षके अडतात, इंग्रजी जातात, आणि चाचणी इंग्रजीत केली असेल तर कोणाला पत्ता लागत नाही.

अक्षरे मोजायची तयार लायब्ररी सगळ्या भाषांसाठी आहे, पण तिची आवृत्ती बघून घ्यावी. यूनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे प्रमाण) २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आणला. त्याआधीच्या नियमावर चालणारी लायब्ररी ‘श्री’चे दोन तुकडे करते आणि चिठ्ठीवर ‘श्रीखं’ छापते. यावर उत्तम उपाय पंधरा ओळींचा आहे: एकेक चिन्ह घ्या, ते मात्रा, अनुस्वार वा हलन्त असेल तर आधीच्या अक्षराला जोडा, आधीचे चिन्ह हलन्त असेल तर येणारे व्यंजनही त्यालाच जोडा, नाहीतर नवे अक्षर सुरू करा. पायथन, गो, रस्ट आणि जावास्क्रिप्ट या चारही भाषांत हे सारखेच सोपे आहे, गुजरातीलाही तसेच लागू पडते.

शब्द वेगळे काढताना पायथन फसवते. तिच्या स्वतःच्या ‘आरई’ या मजकुरात शोध घेणाऱ्या मॉड्यूलमध्ये ‘शब्दातले चिन्ह’ या खुणेत मात्रा आणि हलन्त बसत नाहीत. ‘पुस्तक’ शोधायला गेले की ‘प’, ‘स’, ‘तक’ असे तीन तुकडे निघतात. ‘रेजेक्स’ हे बाहेरचे मॉड्यूल घेतले की बरोबर होते. गो आणि जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अक्षरे ओळखते, त्यामुळे तिथे मराठी अजिबात सापडत नाही. चूक लगेच दिसते, म्हणून ती कमी घातक. तिथे ‘अक्षर किंवा जोडचिन्ह’ असा यूनिकोड वर्ग स्पष्ट लिहावा लागतो. रस्टचे रेजेक्स क्रेट पहिल्यापासून मात्रा धरते. या एका बाबतीत रस्ट निर्विवाद पुढे आहे.

भाषा कुठलीही घ्या, एसक्यूलाइटचा एफटीएस५ मात्र सगळ्यांना सारखाच गाठतो. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) ‘यूनिकोड६१’ फक्त अक्षरे आणि अंक शब्दात धरतो. मात्रा म्हणजे त्याच्या मते शब्द संपल्याची खूण. परिणाम असा की ‘मोर’, ‘मार’ आणि ‘मीर’ तिन्ही त्याला ‘म’, ‘र’ असे एकसारखे दिसतात. शोध चालतो, निकाल येतात, फक्त भलतेच येतात. तक्ता बनवतानाच टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’मध्ये नेहमीच्या वर्गांसोबत ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे मात्रा-हलन्तांचे दोन वर्ग लिहिले की प्रश्न सुटतो. नंतर बदलायचे तर शोधाचा तक्ता नव्याने बांधावा लागतो.

मग येते एकाच शब्दाची अनेक रूपे. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाल्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही एक, संगणकाला दोन वेगळे शब्द. यूनिकोडचे प्रमाणीकरण (रूपे एकसारखी करण्याची ठरलेली क्रिया) र आणि नुक्ता एकत्र करून ऱ देते, पण जोडकाचे रूप तसेच ठेवते. ‘ॲटलास’ची तर चार रूपे हिंडत असतात: २००८ मध्ये यूनिकोडमध्ये आलेला स्वतंत्र ॲ, हिंदी पद्धतीचा ऍ, अ वर चंद्र, आणि अ, जोडक, चंद्र. म्हणून प्रत्येक शीर्षकासोबत एक वेगळा ‘शोधरूप’ स्तंभ ठेवावा आणि त्यात आधी ही रूपे एक करावीत, मग उरलेले जोडक काढावेत, मग प्रमाणीकरण. मूळ शीर्षकाला हात लावू नये. प्रमाणीकरण पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये अंगभूत आहे. गोमध्ये अधिकृत पण वेगळ्या ‘एक्स-टेक्स्ट’ पॅकेजात. रस्टमध्ये क्रेट घ्यावे लागते.

बडोद्याच्या कामाला सर्वात उपयोगी पडणारी युक्ती याच स्तंभात बसते. यूनिकोडमध्ये देवनागरी आणि गुजराती हे दोन गट एकाच साच्यावर आखले आहेत आणि त्यांच्यात नेमके ३८४ चे अंतर आहे. गुजराती चिन्हाच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की तेच अक्षर देवनागरीत मिळते. अंकही त्यातच येतात. शोधरूप नेहमी देवनागरीत ठेवले, तर गुजराती कळफलकावर टाइप करणाऱ्या सभासदाला मराठी लेखकाचे नाव सापडते. अपवाद थोडेच: गुजरातीत मराठीचा ऱ नाही, आणि तिथला ‘ॲ’ वजाबाकीनंतर हिंदी पद्धतीच्या ऍ वर येतो. ही वजाबाकी आधी करून वरचे एकत्रीकरण मागाहून केले की तोही प्रश्न मिटतो. उलट क्रमाने केले तर गुजराती नोंदींतला ऍ तसाच राहतो.

अनुक्रमाचे ऐका. साध्या यूनिकोड क्रमाने लावले तर काल, काळ, काव्य असे येते, कारण तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत ळ आहे ह च्या नंतर, म्हणजे हवे काल, काव्य, काळ. गुजरातीतही ळ ची जागा तीच. आयसीयू ही मोठी लायब्ररी भाषावार क्रम लावते. नोड १३ पासून ती पूर्ण येते, म्हणून जावास्क्रिप्टला इथे काहीच कष्ट नाहीत. पायथनला पायआयसीयू बसवावे लागते आणि विंडोजवर ते सी++ कंपायलर मागत बसते. रस्टला २०२२ पासून आयसीयू४एक्स आहे, चांगले आहे. पण एवढ्या कामाला आयसीयू कशाला? ‘क्रमरूप’ नावाचा आणखी एक स्तंभ करा आणि त्यात ळ च्या जागी ०९३ए क्रमांकाचे चिन्ह घाला. ते ह च्या लगेच पुढे आहे आणि मराठी-गुजरातीत कधी लागत नाही. बाकीचा क्रम यूनिकोडचाच चालतो: मात्रा व्यंजनांनंतर, हलन्त मात्रांनंतर, त्यामुळे कोशातल्याप्रमाणे ‘कौ’ संपल्यावर ‘क्य’ सुरू होते. यूटीएफ-८ चा बाइटक्रमही तोच, म्हणून एसक्यूलाइटचे साधे ‘ऑर्डर बाय’ (क्रम लावण्याची आज्ञा) पुरते. क्ष वेगळा धरायचा की क खाली, आणि अनुस्वार आधी की नंतर, हे प्रोग्रामरने ठरवू नये. कपाटे ज्या क्रमाने लावली आहेत तो क्रम ग्रंथपालाला विचारावा.

अंकांत पायथनचा हात कोणी धरत नाही. दाखल वहीत क्रमांक देवनागरीत, गुजराती भागात गुजरातीत. पायथनच्या ‘इंट’ला ‘१२३’ दिले की १२३ मिळतात, गुजराती अंक दिले तरी मिळतात. गो, रस्ट आणि जावास्क्रिप्ट तिघीही नाकारतात. त्यांच्यात प्रत्येक अंकातून शून्याचा क्रमांक वजा करणारी छोटी क्रिया लिहावी लागते, आणि ती एकाच जागी लिहून सगळीकडे वापरावी लागते.

जुनी यादी आणि एक्सेल

वाचनालयाकडे यादी असतेच, बहुधा एक्सेलमध्ये, बहुधा जुन्या बिगर-यूनिकोड फाँटात. फाँट बदलला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची गर्दी दिसते. ते रूपांतर म्हणजे शेकडो अदलाबदलींचा तक्ता, ऱ्हस्व इकार उचलून व्यंजनानंतर नेणे, रफार व्यंजनाआधी आणणे, आणि मग हाताने तपासणे. हे काम पायथनमध्येच करावे. एकदाच करायचे असते, पुन्हापुन्हा चालवून बघावे लागते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ओळ न ओळ वाचता आली पाहिजे. पायथनचे विंडोजवरचे एक दुखणे लक्षात ठेवा: फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्टपणे यूटीएफ-८ लिहिले नाही तर ती विंडोजची जुनी चिन्हसूची धरते आणि ‘चारमॅप’च्या नावाने चूक देते. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा, अपवाद करू नका.

एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी फाईल) हाच प्रकार निवडून फाईल काढावी, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत येत नाहीत. या प्रकारात फाईलच्या आरंभी एक न दिसणारी खूण असते. गोचे सीएसव्ही पॅकेज ती काढत नाही, त्यामुळे पहिल्या स्तंभाचे नाव ‘दाखल क्रमांक’ दिसते पण जुळत नाही, आणि सगळ्या नोंदी क्रमांकाविना आत जातात. पहिले तीन बाइट तपासून ती खूण टाकून द्यावी. उलट दिशेला, एक्सेलसाठी फाईल लिहिताना ती खूण मुद्दाम घालावी, नाहीतर एक्सेल देवनागरी ओळखत नाही.

छपाईत मात्र कोणत्याच भाषेवर भरवसा ठेवू नका. गोच्या नेहमीच्या पीडीएफ लायब्रऱ्या चिन्हे एकामागून एक मांडतात, त्यामुळे ‘कि’चा इकार क च्या नंतर पडतो आणि जोडाक्षरे सुटतात. चिठ्ठ्या आणि पावत्या वेबपान म्हणून दाखवाव्यात आणि ब्राउझरकडून छापून घ्याव्यात. अक्षरजुळणी तो बिनचूक करतो. पान दाखवणारा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडावा, म्हणजे विंडोजची फायरवॉल परवानगीची खिडकी काढत नाही आणि सभासदांची यादी बाहेर उघडी पडत नाही.

दुरुस्ती करायला कोण येणार

कलाभवनात, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत, शिकणारी मुले ही अशा प्रकल्पाची खरी ताकद आहे. ती येतात, एक सुट्टी काम करतात आणि नोकरीला निघून जातात. पायथन त्यांतल्या बहुतेकांना येते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्राला तीच आहे. त्यामुळे पायथनच्या प्रकल्पाला पहिली दुरुस्ती लवकर मिळते. पण ओपन सोर्समध्ये तुटवडा असतो तो आलेली दुरुस्ती वाचून पारखणाऱ्याचा, आणि चलात आकडा की मजकूर असे प्रकारांचे बंधन नसलेल्या पायथनमध्ये परीक्षकाला प्रत्येक ओळ चालवून पाहावी लागते.

गोमध्ये एकूण २५ राखीव शब्द आहेत. सी किंवा जावा येणारा विद्यार्थी आठवड्याभरात वाचू लागतो. मांडणी ‘गोएफएमटी’ हे अवजार ठरवते, त्यामुळे कंस कुठे यावर वाद होत नाहीत. गो चुका दर तिसऱ्या ओळीला हाताळायला लावते, ते कंटाळवाणे आहे, पण परीक्षकाला नेमके तेच दिसायला हवे असते. रस्टमध्ये कंपायलरने पास केलेली दुरुस्ती बहुतेकदा खरोखर बरोबर असते, परीक्षकाचे ओझे सर्वात कमी. मात्र मेमरीच्या मालकी आणि उधारीचे नियम अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि एका सुट्टीपुरता आलेला मुलगा तोवर थांबत नाही. यादीतला शोध किंवा फाँटचे रूपांतर ही वेगळी लायब्ररी म्हणून सगळ्या जगाला द्यायची असेल, तर ती रस्टमध्ये लिहावी. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींतून वापरता येते.

टिकण्याच्या बाबतीत गोला तोड नाही. २०१२ च्या पहिल्या आवृत्तीसोबत दिलेले ‘जुना कोड चालत राहील’ हे वचन तिने पाळले आहे. २०२४ मध्ये १.२२ ने फेरीतल्या चलाचा अर्थ बदलला तोही ‘गो.मॉड’ या प्रकल्पाच्या फाईलमध्ये नवी आवृत्ती लिहिणाऱ्यांपुरताच. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, ही जखम अनेक प्रकल्प अजून बाळगून आहेत, ३.१२ ने ‘डिस्टयूटिल्स’ हे अंगभूत मॉड्यूल काढले, ३.१३ ने ‘सीजीआय’. दोन वर्षे हात न लावलेला पायथन प्रकल्प उघडताना काहीतरी मोडतेच. जावास्क्रिप्टमध्ये भाषा टिकाऊ आहे, पॅकेजे नाहीत. २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज काढून घेतल्यावर हजारो बांधण्या अडल्या होत्या, आणि अवलंबित्वाची ती सवय अजून गेलेली नाही. पीएचपी स्वस्त होस्टिंगवर उत्तम, एकट्या संगणकावर नको. जावा भक्कम आहे, पण पेन ड्राइव्हवर तिचे यंत्रही सोबत न्यावे लागते.

परवान्याकडे सुरुवातीलाच पाहावे. प्रकल्प फक्त जीपीएल २ या ओपन सोर्स परवान्यावर ठेवला तर अपाचे २ या दुसऱ्या परवान्याची लायब्ररी त्यात बसत नाही. जीपीएल ३ घेतला तर बसते. रस्टची बरीच क्रेट एमआयटी आणि अपाचे दोन्हींवर असतात, त्यातले एमआयटी निवडता येते.

पडद्यावरच्या भाषांतरासाठी पायथनमध्ये ‘गेटटेक्स्ट’ अंगभूत आहे, गोमध्ये बाहेरून आणावे लागते. अनेकवचनाचा नियम दोन भाषांना एकच लावू नका: मराठीत शून्याला अनेकवचन, ‘० पुस्तके’, गुजरातीच्या ठरलेल्या नियमात शून्य एकवचनाच्या गटात येतो. आणि ‘ग्रंथ’ असा शब्द वापरला तर मराठीत दोन्ही रूपे सारखीच, भाषांतरकाराला ते गाळलेले वाटते. शेजारी टीप लिहून ठेवा.

या कामासाठी कौल असा: मुख्य प्रोग्राम गोमध्ये, शुद्ध गो ड्रायव्हर आणि एसक्यूलाइटसह, ‘अवजारे’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जुन्या यादीचे रूपांतर पायथनमध्ये. दोन भाषा म्हणजे दुप्पट ओझे असे वाटेल, पण पायथनचा भाग वाचनालयात जातच नाही, तो रूपांतर करणाऱ्याच्या संगणकावर राहतो. अवलंबित पॅकेजे ‘गो मॉड व्हेंडर’ने प्रकल्पातच उतरवून ठेवावीत, म्हणजे इंटरनेट नसतानाही बांधणी होते.

पहिल्या कमिटमध्ये (प्रकल्पात जतन केलेल्या पहिल्या बदलात) कोडच्या आधी चाचणीची एक फाईल टाकावी. तिच्यात श्रीखंडे, तीन अक्षरांची चिठ्ठी. दऱ्या दोन रूपांत. ॲटलास चार रूपांत आणि पाचवे गुजरातीत. काल, काव्य, काळ या क्रमाने. मोर शोधल्यावर मार न येणे. १२३ दोन्ही लिप्यांच्या अंकांत. आणि सुरुवातीची खूण असलेली तीन ओळींची सीएसव्ही. ग्रंथपालाला नोंदीत पुढे जे जे चुकलेले दिसेल, तो शब्द जसाच्या तसा, त्याच कळफलकावर टाइप करवून याच फाईलच्या शेवटी जोडावा.